सीडी प्लेअर बदलल्याने घरातला आवाज सुधारतो का?

सीडीवर गाणे आकड्यांच्या रूपात साठवलेले असते. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी १९८० साली मिळून जो दंडक ठरवला, त्यानुसार दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे माप घेतले जाते आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहिले जाते. डावी-उजवी बाजू धरून सेकंदाला १४ लाखांहून अधिक बिट होतात. माणसाच्या कानाची झेप साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत. तेवढे सगळे या मापात बसते. अगदी बारीक आणि अगदी मोठ्या आवाजातले सुमारे ९६ डेसिबलचे अंतरही सीडीवर मावते. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात सोनीचा सीडीपी-१०१ हा पहिला प्लेअर विक्रीला आला. या दंडकात त्यानंतर बदल झालेला नाही. १९८५ चा प्लेअर असो की कालच खोक्यातून काढलेला, दोघांपुढे आकडे तेच असतात.

प्लेअरला कामे दोनच: चकतीवरचे आकडे अचूक वाचणे आणि त्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर करणे. पुढचे सगळे अँप्लिफायर, स्पीकर आणि खोली यांच्या हातात असते. ही वाटणी लक्षात ठेवली की प्लेअर बदलण्याचा प्रश्न बराच सोपा होतो.

वाचण्याचे काम नाजूक आहे. चकतीवरच्या सर्पिल रेषेच्या दोन फेऱ्यांत अंतर फक्त १.६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सहाशेवा भाग. ७८० नॅनोमीटरचा लेसर त्या रेषेवर आतून बाहेर सरकतो. वाचण्याचा वेग कायम राहावा म्हणून चकती सुरुवातीला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि कडेशी येईपर्यंत २०० वर उतरते. धूळ, बोटांचे ठसे आणि ओरखडे यांमुळे काही आकडे चुकतातच, पण ते गृहीत धरून सीडीवर जादा माहिती विखरून ठेवलेली असते. रेषेवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा तुकडा वाचता आला नाही, तरी प्लेअर त्यातले आकडे जसेच्या तसे परत मिळवतो. नुकसान त्याहून मोठे असेल तर आजूबाजूचे आकडे पाहून अंदाजाने भर घालतो, आणि तेही जमले नाही तर क्षणभर गप्प होतो किंवा अडकतो. म्हणूनच सीडी पुसताना गोल फिरवून पुसू नये. मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसावे, म्हणजे ओरखडा उमटलाच तरी तो रेषेला आडवा जातो आणि दुरुस्तीच्या आवाक्यात राहतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. जोवर सीडी न अडकता वाजते आहे, तोवर बहुतेक वेळा स्वस्त आणि महाग प्लेअर चकतीवरून तेच आकडे उचलत असतात. महाग यंत्रणेने ‘जास्त’ वाचले, असे होत नाही. वाचन बिघडले की ते लगेच कळते: सीडी अडकते, उड्या मारते, किंवा मेकॅनिकच्या भाषेत प्लेअर सीडी ‘उचलत’ नाही. त्या बिघाडात गाणे तुटते. आवाजाचा गोडवा तेवढा कमी झाला, असा प्रकार होत नाही.

आकड्यांची लहर करणाऱ्या भागाला डॅक म्हणतात. इथे मात्र सुरुवातीच्या काळात प्लेअर-प्लेअरमध्ये खरा फरक होता. सीडीपी-१०१ मध्ये दोन्ही बाजूंना मिळून एकच डॅक होता. तो डावा-उजवा असे आळीपाळीने काम करी, त्यामुळे दोन बाजूंत सुमारे ११ मायक्रोसेकंदांचे अंतर पडे. त्यावर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. पण ११ मायक्रोसेकंदांत आवाज चार मिलिमीटरही पुढे जात नाही. एक स्पीकर तेवढा मागे सरकवला की हिशेब मिटला. फिलिप्सने त्याच सुमारास १४ बिटांचा डॅक घेऊन आकड्यांचा वेग चौपट करण्याची युक्ती वापरली आणि वरच्या कंपनांसाठी लागणारी गाळणी सोपी केली. पुढे हीच युक्ती जवळजवळ सर्वांनी उचलली. नव्वदच्या दशकापर्यंत चांगले डॅक इतके स्वस्त झाले की मध्यम किमतीच्या प्लेअरचीही विकृती टक्क्याच्या हजारांश भागांत मोजावी लागे, आणि २० ते २०,००० हर्ट्झमध्ये त्याचा चढउतार अर्ध्या डेसिबलच्या आत राही.

याच्या शेजारी बाकीचे आकडे ठेवून पाहावेत. घरगुती स्पीकर चांगला असला तरी वेगवेगळ्या सुरांना तीन-तीन डेसिबल वर-खाली देतो, आणि खर्जात त्याची विकृती सहज एक टक्क्यापर्यंत जाते. खोली तर त्याहून मोठी गडबड करते. खर्जाच्या काही सुरांना ती दहा डेसिबलने फुगवते, तर काहींना तितकेच गिळून टाकते. प्लेअरचा दोष अर्ध्या डेसिबलचा आणि खोलीचा दहाचा, असे असताना आधी प्लेअरसाठी खिसा रिकामा करणे व्यवहाराला धरून नाही.

तरीही नवा प्लेअर आणलेला माणूस शपथेवर सांगतो की फरक पडला. तो खोटे बोलत नसतो. प्लेअरमधून अँप्लिफायरकडे जाणारा लाइन-आउट साधारण दोन व्होल्टचा असतो. पण काही कंपन्या तो अडीच व्होल्टपर्यंत ठेवतात. व्हॉल्यूमचे बटन तेथेच असले तरी आवाज जवळजवळ दोन डेसिबलने वाढतो. एवढी वाढ कानाला ‘मोठा’ अशी जाणवत नाही. ती ‘भरीव’, ‘मोकळा’, ‘जिवंत’ अशी जाणवते. त्यात नवा प्लेअर जोडताना जुन्या पिना उपसून नव्याने खोचल्या जातात, वर्षानुवर्षांचा गंज घासला जातो आणि एका बाजूची खरखर आपोआप थांबते. श्रेय सगळे नव्या डब्याला मिळते. मोजलेले पैसे कानाला जे सुचवतात, ते वेगळेच.

म्हणून अशा तुलनेत दोन अटी पाळाव्या लागतात: दोन्हींची पातळी काटेकोर सारखी हवी, आणि कोणते यंत्र चालू आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक नको. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी अमेरिकेतल्या बोस्टन परिसरात असेच प्रयोग केले आणि २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष छापले. सीडीहून अधिक बारकाव्याचे ध्वनिमुद्रण एकदा थेट आणि एकदा सीडीच्या १६ बिटांच्या मापातून मुद्दाम गाळून ऐकवले गेले. ५५४ पैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवूनही तेवढेच आले असते. संगीत नसताना व्हॉल्यूम फार वर नेला तेव्हा मागची बारीक सरसर काहींना कळली. घरी ऐकतात त्या पातळीवर नाही.

आता खोलीकडे वळावे, कारण वऱ्हाडातल्या, म्हणजे अमरावती-अकोल्याकडच्या घरांत खरी मेख तिथे आहे. अलीकडच्या घरातली नेहमीची बैठकीची खोली दहा बाय बारा फुटांची, वर दहा फुटांवर सिमेंटचा स्लॅब, खाली गुळगुळीत टाइल्स आणि भिंतींना पुट्टी असते. अशा मोकळ्या खोलीचा हिशेब ध्वनिशास्त्रातल्या सबाइनच्या सूत्राने केला, तर टाळी वाजवल्यावर आवाज पुरता विरायला अडीच-तीन सेकंद लागतात. ऐकण्याच्या खोलीत तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास विरावा. गझलेतला शब्द संपतो न संपतो तोच मागच्या शब्दाचा पडसाद त्यावर येऊन पडला, तर कोणताही प्लेअर तो शब्द स्पष्ट करू शकत नाही. गावाकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत, मातीच्या भिंती आणि लाकडी सर असलेल्या खोल्यांत आवाज तेवढा खणखणत नाही.

खर्जाचे दुखणे निराळे. समोरासमोरच्या दोन भिंतींत जी लहर बरोबर बसते, ती खोलीत घुमत राहते. बारा फुटांच्या अंतरात ती सुमारे ४७ हर्ट्झची असते आणि दहा फुटांत सुमारे ५७ हर्ट्झची. रुंदी आणि उंची दोन्ही दहा फूट असली की ५७ हर्ट्झवर दोन घुमारे एकावर एक चढतात. अशा खोलीत डग्ग्यावरच्या आणि ढोलकीच्या काही थापा अंगावर येतात, काही मात्र ऐकूच येत नाहीत. स्पीकर शोकेसवर किंवा छताजवळच्या कोपऱ्यात टांगले असतील, तर कोपरा हा घुमारा आणखी वाढवतो. ऐकणारा भिंतीला टेकून बसला, तर त्याच्या वाट्याला तो सगळ्यात जास्त येतो.

यावर वऱ्हाडाकडे औषधही घरचेच आहे. कापूस हा मधल्या आणि वरच्या सुरांचा चांगला शोषक आहे, आणि कापसाच्या या मुलखात गादीवाल्याचे दुकान शोधावे लागत नाही. सोफ्याऐवजी गाद्या-लोडांची बैठक, खिडक्यांना जाड पडदे, स्पीकरच्या समोरच्या भिंतीला उभी केलेली एखादी जुनी गादी, खाली सतरंजी: एवढ्याने तीन सेकंदांचा पडसाद अर्ध्या-पाऊण सेकंदावर येतो. गादीने खर्ज मात्र आवरत नाही. ५० हर्ट्झची लहर जवळजवळ सात मीटर लांब असते आणि ती चार इंच कापसाला जुमानत नाही. तिच्यासाठी स्पीकर आणि बैठक यांच्या जागा बदलणे हाच उपाय. स्पीकर कोपऱ्यातून दोन-अडीच फूट पुढे आणावेत, ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर ठेवावेत, आणि दोन स्पीकर व ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण करावा. बैठक भिंतीपासून थोडी सुटी ठेवावी, पण खोलीच्या अगदी मधोमधही नको.

याच वेळी तारा तपासाव्यात. एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट जोडलेल्या असतील, तर दोन्ही स्पीकरचे पडदे विरुद्ध दिशांना हलतात, खर्ज नाहीसा होतो आणि गायकाचा आवाज कुठून येतो ते उमगत नाही. अनेक घरांत ही चूक वर्षानुवर्षे तशीच राहते, आणि खापर प्लेअरवर फुटते.

मार्चपासून जूनपर्यंत आणखी एक पाहुणा खोलीत असतो, तो म्हणजे कूलर. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा कूलर बंद करून गाणे ऐकण्याचा सल्ला कोणी देणार नाही. मोठ्या कूलरची घरघर जवळून साठ डेसिबलच्या घरात जाते. घरात मोठ्याने लावलेले गाणे त्याच्या उंच जागांवर नव्वदपर्यंत पोचते. म्हणजे वापरायला उरले तीसच डेसिबल, आणि सीडीकडे तर ९६ आहेत. तानपुऱ्याचा झंकार, श्वासाची चाहूल, सूर विरताना राहणारी बारीक रेघ हे सारे घरघरीखाली बरेचसे झाकले जाते. थंडीतल्या रात्री पंखाही बंद असताना तीच सीडी, तोच प्लेअर, तेच स्पीकर वेगळे वाटतात ते याचमुळे. कूलर खिडकीबाहेर काढून पंप आणि पंख्याचा थरथराट कमी केला, तर तो प्लेअर बदलण्यापेक्षा मोठा बदल ठरतो. शिवाय प्लेअर कूलरच्या झोतात ठेवू नये. दमट हवा आणि पाण्यातले क्षार यंत्राच्या आत बसतात.

स्पीकरमधून गाणे नसतानाही येणारी ‘घूं’ ही तक्रारही याच भागात वारंवार ऐकू येते, आणि तिचे मूळ बहुधा प्लेअरमध्ये नसते. केबलची किंवा डिशची तार एका जमिनीशी आणि अँप्लिफायर दुसऱ्या जमिनीशी जोडलेला असला, की त्या दोन्हींमधून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहू लागतो आणि स्पीकरमधून ऐकू येतो. काळी कसदार माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, तेव्हा अर्थिंगचा रोध वाढतो आणि दुखणे बळावते. टीव्हीकडून येणारी तार काढून पाहावी. आवाज थांबला, तर रोग सापडला. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ घालून उन्हाळाभर पाणी देत राहणे हा वायरमनचा जुना उपाय आजही बरोबर आहे. उपकरणाची अर्थची पिन मात्र कापू नये. तो जिवाशी खेळ आहे.

जुना प्लेअर अडखळू लागला असेल, तर थेट टाकण्याआधी उघडून पाहण्यात फायदा आहे. काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगच्या हंगामातला कापसाचा तंतू लेन्सवर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने लेन्स अलगद पुसली की पुष्कळ प्लेअर पुन्हा सीडी उचलू लागतात. ट्रे बाहेर येत नसेल, तर उन्हाने ढिला पडलेला रबरी पट्टा बदलावा लागतो. तो काही रुपयांचा असतो. लेसरच थकला असेल तर लेन्स-लेसरचा अख्खा पिकअप बदलतात. सोनीचा केएसएस-२१३ हा पिकअप असंख्य प्लेअरमध्ये वापरला गेला, त्यामुळे त्याची नक्कल सहज मिळते, पण नकलेची प्रत कशी निघेल ते नशिबावर. लेन्सशेजारचा बारीक स्क्रू फिरवून लेसरचा जोर वाढवणारे मेकॅनिकही भेटतात. त्याने प्लेअर काही महिने चालतो आणि लेसर कायमचा जातो.

चकतीचा विचार मात्र सहसा सगळ्यात शेवटी होतो, खरे तर तो पहिल्यांदा व्हायला हवा. दोन हजारच्या दशकात दुकानातून भरून आणलेल्या एमपी-थ्री सीडीवर शंभर-दीडशे गाणी मावत. त्यांत अनेकदा सेकंदाला १२८ हजार बिटच उरलेले असतात, मूळ सीडीच्या अकराव्या हिश्श्याएवढे. जे फेकून दिले ते परत आणणारा प्लेअर कोणी बनवलेला नाही. भरलेल्या सीडीतला रंगही ऊन-उष्णतेने उतरतो, म्हणून ती खिडकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. जुन्या संगीताची मर्यादा आणखी मागची आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निधन १९६८ साली झाले. त्यांच्या स्वतःच्या आवाजातली खंजिरीवरची भजने टेपच्या किंवा तबकडीच्या काळातली आहेत. अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांच्या गझलांची सत्तरच्या दशकातली गाजलेली गाणीही आधी टेपवर मुद्रित झाली आणि पुढे सीडीवर आली. अशा सीडीवर टेपची सरसरही तशीच उतरते, आणि तीही प्रामाणिकपणेच ऐकू यायला हवी. एकाच गाण्याच्या दोन सीडी-आवृत्त्यांत जो फरक पडतो, तो दोन चांगल्या प्लेअरमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. नव्वदच्या दशकानंतर मोठा आवाज भरण्याच्या शर्यतीत पुष्कळ नव्या आवृत्त्यांतले चढउतार चेपून टाकले गेले. तिथे जुनी सीडीच सरस ठरते.

मग प्लेअर बदलावा कधी? स्वच्छ सीडीही तो उचलत नसेल आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या जवळ जात असेल, तेव्हा. सीडी वाजवायला कोपऱ्यातला स्वस्त डीव्हीडी प्लेअर वापरला जात असेल आणि त्याच्या लाइन-आउटमधून गाणे नसतानाही सरसर किंवा किणकिण ऐकू येत असेल, तेव्हा. या दुसऱ्या प्रसंगी अख्खा प्लेअर घेण्याचीही गरज नसते. डीव्हीडी प्लेअरच्या मागे ऑप्टिकल किंवा कोअॅक्सियल डिजिटल आउट असेल, तर त्याला बाहेरून एक छोटा डॅक जोडला की काम भागते. नवे सीडी प्लेअर आता मोजकेच बनतात, त्यामुळे वऱ्हाडातल्या ग्राहकाला नागपूरला किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला चौकशी करावी लागते, आणि जुना घ्यायचा तर दुकानातच स्वतःची ओरखडे पडलेली सीडी पहिल्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत लावून पाहावी. शेवटची गाणी कडेला असतात, आणि थकलेला पिकअप तिथेच अडखळतो.

उसना प्लेअर मिळाला तर घरीच कसोटी घेता येते. १०० हर्ट्झचा एकसुरी आवाज भरलेली सीडी दोन्ही प्लेअरमध्ये लावून, स्पीकरच्या टोकांवर साध्या मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजावेत आणि दोन्हींचा आकडा एक टक्क्याच्या आत जुळवावा. मग एकाच आवृत्तीच्या दोन सीडी एकदम चालू कराव्यात. घरातल्या कोणीतरी अँप्लिफायरवर चादर टाकून, नाणे उडवून त्या त्या वेळी प्लेअर निवडावा, आणि ऐकणाऱ्याने उत्तर कागदावर लिहावे. असे दहा वेळा करावे. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता जेमतेम एक टक्का असते. नऊ आली, तर नवा प्लेअर खुशाल घ्यावा. पाच-सहा आली, तर तेच पैसे स्पीकरला आणि गादीवाल्याला द्यावेत.